फिट, लकवा, अर्धशिशी, कंपवात: घरी सांभाळताना घड्याळाकडे बघायला शिका

आमच्या घरात मेंदूचे आणि नसांचे आजार जरा जास्तच आहेत. धाकट्या बहिणीला फिट येतात, बाबांना कंपवात आहे, मावशीला लकव्याचा झटका येऊन गेला आणि मला स्वतःला कॉलेजपासून अर्धशिशी. मी डॉक्टर नाही, कुठली गोळी किती घ्यायची ते तुमच्या न्यूरोलॉजिस्टनाच विचारा. पण डॉक्टर भेटतात दहा-पंधरा मिनिटं आणि मधले दोन-तीन महिने घरच्यांनीच काढायचे असतात, त्या दिवसांत नेमकं काय करायचं हे कोणी नीट बसवून सांगत नाही म्हणून लिहितेय.

इतक्या वर्षांत मला एक गोष्ट पक्की कळलीये, यातल्या प्रत्येक आजाराचं स्वतःचं एक घड्याळ असतं. फिटचं घड्याळ मिनिटांचं, लकव्याचं तासांचं, अर्धशिशीचं महिन्यातल्या दिवसांचं, कंपवाताचं गोळीच्या वेळेचं. कुठलं घड्याळ चालू झालंय हे ओळखता आलं की धावायचं कधी आणि शांत बसायचं कधी हे कळायला लागतं.

फिट आली तर

माणूस खाली पडतो, अंग ताठ होतं, डोळे वर जातात, मग हातपाय झटके द्यायला लागतात, तोंडाला फेस, ओठ निळसर. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की माणूस गेलाच. अशा वेळी पहिलं काम म्हणजे वेळ बघा. फोनवर स्टॉपवॉच लावा, नाहीतर घड्याळात बघून वेळ मोठ्याने बोला म्हणजे शेजारच्या कोणाच्या तरी लक्षात राहील. बहुतेक फिट एक ते तीन मिनिटांत आपल्या आपण थांबते, पण बघणाऱ्याला ती मिनिटं फार लांब वाटतात. बहिणीच्या पहिल्या फिटच्या वेळी आई डॉक्टरांना सांगत होती की पंधरा मिनिटं चालली, दुसऱ्या वेळी मी घड्याळ लावलं तर १ मिनिट ४० सेकंद निघाली.

वेळ लावली की मग आजूबाजूचं टोकदार, गरम, काचेचं सगळं लांब करा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, चष्मा काढा, गळ्याशी घट्ट असेल ते सैल करा. हातपाय दाबून धरू नका, त्याने फिट थांबत नाही आणि खांदा निखळू शकतो. आणि तोंडात काहीही घालायचं नाही, चमचा नाही, बोट नाही, रुमाल नाही, पाणी नाही, गोळी तर अजिबात नाही. लोकांना जीभ गिळली जाईल अशी भीती असते पण जीभ गिळता येतच नाही, फार तर चावली जाते आणि ती जखम भरून येते, पण चमच्याने दात तुटून श्वासनलिकेत गेला तर वेगळंच संकट. झटके थांबले की लगेच कुशीवर वळवा म्हणजे लाळ किंवा उलटी बाहेर येईल आणि श्वास मोकळा राहील, मग शुद्ध येईपर्यंत शेजारी बसून राहा. शुद्धीवर येताना माणूस गोंधळलेला असतो, कधी चिडतो, कधी रडतो, त्याला प्रश्न विचारून भंडावू नका, हळू आवाजात कुठे आहेस आणि काय झालं तेवढं सांगा.

आता धावायचं कधी. झटके ५ मिनिटांच्या वर गेले, किंवा शुद्धीवर न येताच दुसरी फिट आली, की अ‍ॅम्ब्युलन्स, तिथे वाट बघायची नाही, कारण पाच मिनिटं उलटली की फिट आपोआप थांबायची शक्यता कमी होत जाते. आयुष्यातली पहिलीच फिट असेल, पाण्यात आली असेल, डोक्याला मार लागला असेल, बाई गरोदर असेल, मधुमेह असेल, किंवा झटके थांबल्यावरही श्वास नीट चालत नसेल तर पाच मिनिटांचीही वाट बघू नका. ज्यांना लांब चालणारी फिट येते त्यांच्यासाठी फिट थांबवणाऱ्या मिडाझोलम या औषधाचा नाकात मारायचा स्प्रे मिळतो, तो घरात ठेवायचा का, कितव्या मिनिटाला मारायचा हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि तो कागद स्प्रेच्याच डबीत ठेवा.

सगळ्या फिट पडून झटके देणाऱ्या नसतात हे पण लक्षात ठेवा. मूल बोलता बोलता पाच-दहा सेकंद एकटक बघत राहतं आणि मग जिथे सोडलं तिथून बोलायला लागतं, मोठा माणूस ओठ चघळल्यासारखे करतो आणि हाताने कपडे चाचपत राहतो आणि नंतर त्याला काही आठवत नाही, ह्याही फिट असू शकतात. अशा वेळी व्हिडिओ काढा, खरंच काढा, डॉक्टरांना तुमच्या वर्णनापेक्षा तो जास्त सांगतो. साधा ईईजी, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूच्या विद्युत लहरींची काढलेली पट्टी, वीस-तीस मिनिटांचा असतो, त्या वेळात काही दिसलं नाही तर रिपोर्ट नॉर्मल येतो, त्यावरून 'फिटच नाहीत' असं कोणी समजू नये.

गोळ्यांचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने नीट औषध मिळालं तर ७० टक्क्यांपर्यंत लोकांच्या फिट पूर्ण थांबू शकतात, फक्त ते 'नीट' फार महत्त्वाचं आहे. फिट परत यायचं एक मोठं कारण म्हणजे चुकलेली गोळी, त्याच्या खालोखाल अपुरी झोप, ताप, दारू. आम्ही सात कप्प्यांची डबी आणली, रविवारी रात्री भरायची, फोनला दोन अलार्म, आणि एक जादा दिवसाची गोळी बहिणीच्या पर्समध्ये कायम. एखादा डोस चुकला तर काय करायचं हे आधीच विचारून ठेवा, सहसा आठवल्याबरोबर घ्यायला सांगतात पण पुढच्या डोसची वेळ आलीच असेल तर दोन एकदम घेऊ नका. आणि दोन वर्षं फिट आली नाही म्हणून स्वतःच्या मनाने गोळ्या बंद, हे तर कधीच करू नका. बंद करता येतात, पुष्कळांच्या होतात, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली महिनोन्महिने हळूहळू कमी करत.

फिटच्या औषधांपैकी लेव्हेटिरासिटम सुरू झाल्यावर माणूस विनाकारण चिडचिड करायला लागला तर तो स्वभाव नाही, गोळीचा परिणाम असू शकतो, डॉक्टरांना सांगा. लॅमोट्रिजिन किंवा कार्बामाझेपिन नवीन सुरू झालं आणि अंगावर पुरळ आलं तर त्याच दिवशी फोन करा, उद्यावर टाकू नका. मुलींच्या आणि बायकांच्या बाबतीत अजून एक, व्हॅलप्रोएट हे फिटचं औषध गरोदरपणात बाळासाठी खूप धोक्याचं आहे, दहातल्या साधारण एका बाळात व्यंग येतं आणि दहातल्या तीन-चार मुलांच्या पुढच्या वाढीत, शिकण्यात अडचणी येतात. म्हणून मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, औषध बदलायला वेळ लागतो. पण दिवस राहिल्याचं कळलं म्हणून घाबरून गोळी टाकून देऊ नका, त्यातून येणारी फिट आई आणि बाळ दोघांना धोका देते, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन या फिटच्या औषधांमुळे गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होतो हे तर पुष्कळ जणींना कोणी सांगितलेलंच नसतं.

घरात काय बदललं तर, बाथरूमला आतून कडी लावत नाही, बाहेर पाटी फिरवतो. अंघोळ बसून. गॅसवर भांडं मागच्या बर्नरवर. पोहायला जायचं तर सोबत असा कोणीतरी ज्याला फिट आल्यावर काय करायचं ते माहितीये. गाडी कधी चालवायची ते डॉक्टरांना आणि तिथल्या नियमांना विचारून. बाकी ती नोकरी करते, फिरते, रागावते, सगळं करते, तिला काचेच्या कपाटात ठेवलेलं तिला आवडत नाही आणि गरजही नाही. दोन वेगवेगळी औषधं योग्य डोसमध्ये घेऊनही फिट थांबल्या नाहीत तर एपिलेप्सीच्या (फिटच्या आजाराच्या) खास सेंटरमध्ये दाखवा, तिथे ऑपरेशन, कीटोजेनिक आहार (स्निग्ध पदार्थ भरपूर, पिठूळ-गोड अगदी कमी) असे दुसरे रस्ते असतात, वर्षानुवर्षं गोळ्यांवर गोळ्या वाढवत बसण्यापेक्षा ते लवकर विचारलेलं बरं.

लकवा: इथे एकही मिनिट घरी घालवू नका

तोंड एका बाजूला वाकडं, एक हात वर केला की खाली पडतो, बोलणं अडखळतं किंवा भलतंच बोलतो, अचानक तोल जातो, एका डोळ्याने दिसेनासं होतं. यातलं एक जरी अचानक झालं तरी लकवा समजायचा आणि निघायचं. रक्ताची गुठळी अडकून मेंदूचा पुरवठा थांबला की अंदाजे दर मिनिटाला १९ लाख पेशी मरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, आणि मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी तारेने ओढून काढायचं काम सहा तासांपर्यंत, काही निवडक पेशंटमध्ये स्कॅन बघून २४ तासांपर्यंतही करतात. पण जितकं लवकर तितकं जास्त वाचतं.

म्हणून डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, शेवटचं व्यवस्थित कधी बघितलं होतं? लक्षणं कधी दिसली हे वेगळं आणि शेवटचं ठीक कधी होतं हे वेगळं. मावशी सकाळी सहाला उठली तेव्हा हात चालत नव्हता, आम्ही 'सहाला झालं' म्हणत होतो, पण ती रात्री अकराला झोपली तेव्हा ठीक होती, म्हणजे घड्याळ अकरापासून धरतात. ही वेळ कागदावर लिहून सोबत न्या, चालू औषधांची यादी न्या, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आधी सांगा. आणि जिथे सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन दोन्ही होतं तिथेच थेट न्या, ते कुठे होतं हे आजच शोधून ठेवा.

जाताना काही खायला-प्यायला देऊ नका, गिळण्याची ताकद गेलेली असू शकते आणि पाणी फुफ्फुसात जातं. अ‍ॅस्पिरिन पण देऊ नका, हार्ट अ‍ॅटॅकचं वाचून लोक देतात, पण लकवा रक्तस्रावाने पण होतो आणि कुठला आहे ते स्कॅनशिवाय कोणालाच कळत नाही. आणि पाच-दहा मिनिटांत सगळं ठीक झालं तरी जायचंच, तो छोटा झटका असतो, मोठा येण्याचा धोका त्यानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त असतो, बरं वाटलं म्हणून झोपून जाणारे लोक मी पाहिलेत.

घरी आणल्यावर पहिली गोष्ट, लुळ्या हाताला धरून माणसाला ओढून उठवू नका. सगळे हेच करतात. त्या खांद्याचे स्नायू ढिले झालेले असतात, खांदा निसटतो आणि मग तो दुखणारा खांदा फिजिओचे महिने खातो. काखेखालून किंवा कमरेला पट्टा लावून उठवा, बसलेले असताना तो हात उशीवर ठेवा. जेवताना ताठ बसवून, लहान घास, घास गिळल्याची खात्री करूनच पुढचा, आणि पातळ पाण्याने ठसका लागत असेल तर किती घट्ट करून द्यायचं हे स्पीच थेरपिस्टकडून शिकून घ्या. पडूनच असतील तर दर दोन तासांनी कूस बदला. सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सगळ्यात जोरात होते म्हणून त्या काळात फिजिओचा एक दिवस पण सोडू नका, पण नंतरही होत राहते, मावशीने शर्टाचं बटण स्वतःच्या हाताने लावलं ते चौदाव्या महिन्यात. लकव्यानंतर साधारण तिघांमागे एकाला डिप्रेशन येतं, ते रडणं, गप्प बसणं, व्यायाम नको म्हणणं आळस समजून ओरडू नका, त्यावर औषध आहे. आणि बीपी. परत लकवा येऊ नये म्हणून जे काय करायचं त्यात बीपी सगळ्यात वर, गोळी आयुष्यभर.

तोंड वाकडं होण्यावरून एक लक्षात ठेवा, चेहऱ्याची नस सुजूनही तोंड वाकडं होतं, त्याला बेल्स पाल्सी म्हणतात. त्यात कपाळावरची पण आठी पडत नाही आणि डोळा मिटत नाही, हातपाय मात्र ठीक असतात. पण हे घरी ठरवू नका, लकवा समजून निघा, डॉक्टर ठरवतील. बेल्स पाल्सी निघालाच तर त्याचं घड्याळ ७२ तासांचं, तेवढ्यात स्टेरॉइड सुरू झालं तर चेहरा पूर्ण भरून यायची शक्यता चांगली. तोवर डोळा जपा, दिवसा डोळ्यात थेंब आणि रात्री मलम लावून पापणी टेपने बंद.

अर्धशिशी

ही माझी स्वतःची, त्यामुळे जरा मनापासून. अर्धशिशी म्हणजे 'नुसतं डोकं दुखतंय' नाही, औषध न घेता ४ ते ७२ तास चालते, ठणकतं, मळमळतं, उजेड आणि आवाज नकोसा होतो, जिना चढलं तरी वाढतं. काहींना आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेघा दिसतात, ते पाच मिनिटं ते तासभर चालतं.

सगळ्यात मोठी चूक मी दहा वर्षं केली, सहन करायचं आणि अगदीच असह्य झालं की गोळी घ्यायची. उलटं करायचं असतं. दुखायला लागल्यावर लगेच, पहिल्या तासात गोळी घेतली तर ती लागते, नंतर पोटच काम करेनासं होतं आणि गोळी तशीच पडून राहते. मळमळ असेल तर तिच्यावरची गोळी सोबत. साध्या वेदनाशामकाने भागत नसेल तर ट्रिप्टान नावाची खास अर्धशिशीची औषधं आहेत, हृदयविकार किंवा लकवा होऊन गेलेल्यांनी मात्र ती घ्यायची नाहीत.

दुसरी चूक जास्त भयंकर. महिन्यातून किती दिवस गोळी घेतली ते मोजा. साधं वेदनाशामक १५ दिवस किंवा जास्त, ट्रिप्टान किंवा एकाच गोळीत दोन-तीन औषधं असलेल्या गोळ्या १० दिवस किंवा जास्त, असं तीन महिने चाललं की गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं. मग रोज दुखतं म्हणून रोज गोळी आणि रोज गोळी म्हणून रोज दुखतं. त्यातून बाहेर यायला गोळी थांबवावी लागते, पहिले काही दिवस हाल होतात, पण त्या काळासाठी डॉक्टर मदत देतात. कॅलेंडरवर फक्त दोन खुणा करा, दुखलं तर टिंब, गोळी घेतली तर फुली. माझ्या कॅलेंडरवर तीन महिन्यांत दिसलं की टिंबं शनिवार-रविवारीच जास्त आहेत, कारण सुट्टीला मी दोन तास उशिरा उठत होते आणि कॉफी पण उशिरा. सुट्टीलाही त्याच वेळेला उठायला लागले आणि निम्मी टिंबं गेली. तुमचं कारण वेगळं असेल, जेवण चुकणं, पाळी, ऊन, पण ते कॅलेंडरवरच सापडेल.

महिन्यात चार किंवा जास्त दिवस जात असतील तर रोजच्या प्रतिबंधक औषधाबद्दल विचारा, प्रोप्रॅनोलॉल (दमा असेल तर आधीच सांगा), टोपिरामेट, अमिट्रिप्टिलिन वगैरे, आणि २०१८ पासून सीजीआरपीवर (अर्धशिशीच्या दुखण्यात भाग घेणारा शरीरातला एक रेणू) काम करणारी इंजेक्शनं पण आलीयेत. ही औषधं लागू पडतात की नाही कळायला दोन-तीन महिने लागतात, पंधरा दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून सोडू नका. रेघा दिसणारी अर्धशिशी असेल तर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळीने लकव्याचा धोका वाढतो, स्त्रीरोग डॉक्टरांना हे न विसरता सांगा.

आणि हे डोकं दुखणं अर्धशिशीचं नाही: एका मिनिटाच्या आत शिगेला पोचलेलं आयुष्यातलं सगळ्यात जोराचं, ताप आणि मान ताठ, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं, डोक्याला मार लागल्यानंतरचं, हातपाय कमजोर होणारं. त्यात थेट हॉस्पिटल.

कंपवात आणि गोळीची वेळ

जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी १८१७ मध्ये हा आजार लिहून ठेवला, म्हणून पार्किन्सन्स. नाव कंपवात असलं तरी कंप हा त्यातला एकच भाग, खरा त्रास मंदपणाचा आणि ताठरपणाचा. बाबांचं अक्षर बारीक बारीक होत गेलं, वास येईना, झोपेत हात झाडायचे आणि ओरडायचे, हे सगळं हात थरथरायच्या पुष्कळ आधी, पण आम्हाला कुठे माहीत. हात थरथरला म्हणजे पार्किन्सन्सच असंही नाही, कप धरताना थरथरत असेल तर तो वेगळा आजार असू शकतो, पार्किन्सन्सचा हात सहसा मांडीवर स्वस्थ ठेवलेला असताना थरथरतो.

मुख्य औषध लेव्होडोपा. ही गोळी वेळेवर घेणं म्हणजे अक्षरशः वेळेवर. बाबांची गोळी सात, अकरा, तीन, सात अशी आहे, सव्वाअकराला मला त्यांच्या पायात दिसतं की उशीर झालाय. मागे ते निमोनियाने अ‍ॅडमिट होते तेव्हा वॉर्डात गोळ्यांची वेळ सगळ्यांची एकच, आठ-दोन-आठ, आम्ही सांगितलं तरी पहिले दोन दिवस कोणी ऐकलं नाही, दुसऱ्या संध्याकाळी त्यांना कूस बदलता येईना आणि गिळता येईना. तेव्हापासून एक कागद लॅमिनेट करून ठेवलाय, औषधं, डोस, नेमक्या वेळा, आणि खाली मोठ्या अक्षरात 'ही गोळी अचानक बंद करू नये'. अ‍ॅडमिट करताना तो पलंगाला चिकटवायचा आणि ड्यूटीवरच्या प्रत्येक सिस्टरला दाखवायचा. त्याच कागदावर लिहा की उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड किंवा प्रोक्लोरपेराझिन देऊ नये, त्याने पार्किन्सन्स वाढतो, ही चूक फार सहज होते.

गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा जेवणानंतर तासाभराने, कारण दूध, अंडी, मांस यातलं प्रोटीन आणि लेव्होडोपा आतड्यातून एकाच दाराने आत शिरतात आणि गोळी मागे राहते. लोहाची गोळी चालू असेल तर तीही एकदम नको, मध्ये अंतर ठेवा. काही वर्षांनी गोळीचा असर डोस संपायच्या आधीच उतरायला लागतो, तेव्हा दोन दिवस दर अर्ध्या तासाला 'ऑन' (गोळी लागू आहे, हालचाल मोकळी) की 'ऑफ' (असर उतरलाय, अंग ताठ) की 'अंग वळवळतंय' एवढं लिहून न्या, डॉक्टर त्यावरूनच वेळा बदलतात. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल या कंपवाताच्या गोळ्यांवर माणसाला जुगार, खरेदी, खाणं यांचा नाद लागू शकतो, लाजेने घरी सांगत नाहीत, म्हणून तुम्हीच विचारा.

आता पाय चिकटणं. बाबा दारात येऊन उभे राहतात आणि पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात, वरचं अंग पुढे जायला बघतं आणि पडायची वेळ येते. ओढू नका, घाई करू नका. त्यांना थांबू द्या, वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर करायला सांगा, मग जमिनीवरची एखादी रेघ दाखवून 'हिच्यावरून पाय टाका' म्हणा. आमच्या बाथरूमच्या दाराशी फरशीवर रंगीत टेपच्या चार पट्ट्या आडव्या लावल्यात, पावलाच्या अंतरावर, सरळ चालता न येणारा माणूस त्या पट्ट्या ओलांडत आरामात जातो, पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझा विश्वासच बसला नाही. 'एक-दोन, एक-दोन' मोजलं तरी चालतं. वळताना जागच्या जागी गिरकी नको, मोठा गोल घेऊन वळायचं. पलंगावरून उठताना आधी दोन मिनिटं बसायचं, बीपी पडतं. सैल पायपुसणी घरातून काढून टाका. व्यायाम रोज, तो औषधाइतकाच धरा, आणि आवाज बारीक होत असेल तर स्पीच थेरपी लवकर.

पायाच्या मुंग्या आणि चक्कर

हे दोन थोडक्यात. तळपायाला मुंग्या, जळजळ, कापसावर चालल्यासारखं वाटणं, तर आधी शुगर आणि बी१२ जीवनसत्त्व तपासा, मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं घेतल्यावर बी१२ कमी होऊ शकतं. प्रीगाबालिन, ड्युलोक्सेटिन अशा गोळ्या आग कमी करतात पण नस बरी करत नाहीत, शुगर आटोक्यात आणणं हेच मूळ काम. आणि रोज रात्री पायांचे तळवे आरशात बघा, बधिर पायाला खडा टोचलेला कळत नाही आणि जखम चिघळते. मुंग्या आणि कमजोरी काही दिवसांत पायांकडून वर चढत असेल, किंवा जांघेत बधिरपणा येऊन लघवीवरचा ताबा जात असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल.

कूस बदलली की खोली गरगर फिरते आणि मिनिटाच्या आत थांबते, ती चक्कर सहसा कानातले बारीक खडे जागचे हलल्याने असते. त्यावर एपली नावाची मान आणि अंग फिरवायची पद्धत आहे, जाणकाराने केली तर पुष्कळदा एक-दोन बैठकीत बरं वाटतं. चक्करच्या गोळ्या फार तर काही दिवस, प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनॅरिझिन महिनोन्महिने घेत राहिलं तर हात थरथरणं आणि चालणं मंद होणं सुरू होऊ शकतं, वयस्कर माणसाला कंपवात वाटायला लागला तर आधी त्याच्या गोळ्यांची पिशवी उलटी करून बघा. चक्करसोबत डोळ्यांना दोन-दोन दिसणं, बोबडं बोलणं किंवा उभंच न राहता येणं असेल तर वर लकव्याचं लिहिलंय ते करा.

डॉक्टरकडे जाताना

वहीचं एकच पान न्या, चार पानं कोणी वाचत नाही. वर गेल्या वेळेपासून काय किती वेळा झालं, तारखा आणि मिनिटांसकट. मग चालू गोळ्या, खरोखर घेतो त्या, चुकवलेल्या पण खरंखरं. मग तीन प्रश्न, सगळ्यात महत्त्वाचा पहिला, कारण तिसऱ्यापर्यंत वेळ पुरेलच असं नाही. फोनमधला व्हिडिओ आधीच शोधून उघडा ठेवा. आणि निघायच्या आधी हे विचारून घ्या की मधल्या काळात काय झालं तर फोन करायचा आणि काय झालं तर थेट यायचं, ते उत्तर त्याच पानाच्या मागे लिहा आणि घरी आल्यावर फ्रिजच्या दारावर लावा.